‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ गोळीनं लगेच गुण आला? मग तर जास्तच काळजी करा

रात्रीची जेवणं झाली, मोबाईल हातात घेतला आणि रील्स सरकवत बसलात, की दहा-पंधरा रील्समागं एक हमखास येते. पांढरा कोट घातलेला माणूस, मागं हिरवंगार जंगल, हातात काळी डबी. पन्नाशीत पंचविशीचा जोश, सात दिवसांत फरक, साईड इफेक्ट नाही, पार्सलवर औषधाचं नाव नसेल. खाली एक नंबर.

गावोगावी हे नवीन नाही. भोकर घ्या, मुदखेड घ्या, इकडं लातूर जिल्ह्यातलं अहमदपूर घ्या. स्टँडची मुतारी, रेल्वे फाटकाजवळची भिंत, रस्त्याकडेचा विजेचा खांब, सगळीकडं ‘मर्दानी कमजोरी’, ‘गुप्तरोग’, ‘निराश होऊ नका’ हे शब्द वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. जत्रेत पाल ठोकून जडीबुटी विकणारे होतेच. फरक एवढाच पडलाय, की भिंतीवरची जाहिरात सगळ्या गावाला दिसायची, मोबाईलवरची फक्त तुम्हाला दिसते. आणि ती तुमचं वय बघून येते.

आता प्रश्न असा, की ही औषधं काम करतात का? आणि कायद्यानं अशी जाहिरात चालते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही चालत. आज नाही, १९५४ पासून चालत नाही.

त्या साली संसदेनं ‘औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ केला. या कायद्याला रोगांची एक यादी जोडलेली आहे. त्यात ५४ नावं आहेत आणि नपुंसकता त्यातलंच एक. हे रोग बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही. शिवाय कायद्याच्या तिसऱ्या कलमात लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा वेगळा नमूद करून त्यावरही बंदी घातलीय. म्हणजे ‘आम्ही रोग म्हणत नाही, फक्त ताकद म्हणतो’ ही पळवाटही तेव्हाच बुजवून टाकली होती.

यातली गंमतीची गोष्ट म्हणजे जाहिरातीची व्याख्या. छापील पत्रक, लेबल, वेष्टन तर आलंच, पण तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्यानं पोचवलेला मजकूरसुद्धा कायद्यानं जाहिरात मानली. धूर! तेव्हा विमानानं आकाशात धुराची अक्षरं काढत, ते डोळ्यासमोर असावं. मोबाईलचं नाव त्यात नाही, पण मोबाईलची स्क्रीन म्हणजे प्रकाश आणि आवाजच की. रीलला वेगळा कायदा लागत नाही.

मग शिक्षा किती? पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर वर्षभरापर्यंत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं सुधारणेचा मसुदा काढला होता. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं आणि दहा लाख, पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, रोगांची यादी ५४ वरून ७८. पण त्या मसुद्याचा कायदा काही झाला नाही.

नियम १७० चं काय झालं?

मधल्या काळात एक वेगळीच लढाई झाली, ती समजून घ्यायला हवी.

डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत ‘नियम १७०’ आला. आयुर्वेद, सिद्ध किंवा युनानी औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडं मजकूर दाखवा, ओळख क्रमांक घ्या, मगच छापा, असा तो नियम. थोडक्यात, जाहिरात बाहेर पडायच्या आधीच गाळणी. कंपन्यांना ते मानवलं नाही आणि प्रकरण हायकोर्टांत गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानंच राज्यांना पत्र लिहून कळवलं, की या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै २०२४ मध्ये नियमच वगळल्याची अधिसूचना काढली. तेव्हा सुप्रीम कोर्टात इंडियन मेडिकल असोसिएशननं दाखल केलेलं पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण चालू होतं. कोर्टानं ऑगस्ट २०२४ मध्ये त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. नियम जिवंत राहिला. पण ११ ऑगस्ट २०२५ ला कोर्टानं ते प्रकरण बंद केलं, त्याबरोबर स्थगितीही उठली.

म्हणजे आज आधी तपासायची गाळणी नाही. जाहिरात झाल्यावर, कुणी तक्रार केल्यावर, १९५४ चा कायदा आहे. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं होतं, की लोकांना अशा जाहिरातींची तक्रार करता यावी अशी यंत्रणा उभी करा. त्यानंतर मे महिन्यात ‘आयुष सुरक्षा’ नावाचं पोर्टल सुरू झालं. खात्याचे मंत्री प्रतापराव जाधव, आपल्या बुलडाण्याचे. पोर्टल चांगलंच आहे. पण या दुखण्यात तक्रार करणार कोण? ज्याला फसवलं तो बायकोलाही सांगत नाही, तो सरकारला काय सांगणार. या धंद्याचा सगळा पाया तिथंच आहे. गिऱ्हाईक परत भांडायला येत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

ही लाज किती जुनी, याचं एक उदाहरण आपल्याकडंच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे शास्त्राला धरून सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मधल्या त्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. जिथं खरं उत्तर देणाऱ्याला दंड होतो, तिथं भिंतीवरच्या उत्तराचं फावणारच.

बरं, पण औषध काम करतं का?

इथं मात्र एका शब्दात उत्तर नाही. डबीवरच्या नावांकडं एकेक करून बघू.

अश्वगंधा. सगळ्यात जास्त नाव हिचंच. जामनगरच्या गुजरात आयुर्वेद विद्यापीठातल्या संशोधकांनी मानसिक कारणानं ताठरता न येणाऱ्या पुरुषांवर तिची चाचणी घेतली. काहींना अश्वगंधा, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, साठ दिवस. ८६ जणांनी उपचार पूर्ण केले. २०११ मध्ये निकाल छापून आला, की अश्वगंधेचा फायदा औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही. लक्षात घ्या, हे आयुर्वेदाला नावं ठेवणाऱ्यांनी केलेलं नाही, आयुर्वेदाच्याच विद्यापीठानं केलं आणि प्रामाणिकपणे छापलं. अश्वगंधा तणाव किंवा झोपेसाठी उपयोगी असेल, तो वेगळा विषय. पण तुम्ही डबी त्यासाठी घेतलेली नसते.

गोखरू. आपल्याकडचा सराटा. बांधावर, वाटेवर पसरतो, अनवाणी चाललं की पायात मोडतो, शेतकरी उपटून फेकतो. तोच पावडर करून डबीत भरला की त्याला भाव येतो. परदेशात त्याच्यावर चाचण्या झाल्या. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही.

सफेद मुसळी. हिची गोष्ट खास महाराष्ट्राची. हिचं शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. त्यातलं बोरिव्हिलियानम म्हणजे आपलं मुंबईचं बोरिवली. पावसाळ्यात कोकणात फोडशी किंवा कुलू नावाची रानभाजी खातात, ती याच कुळातली. २००० च्या आसपास तिच्या लागवडीची लाट आली. एकरी लाखो मिळतील असं सांगून बेणं महाग विकलं गेलं, आणि माल निघाला तेव्हा घेणारा सापडेना. मुसळीनं कुणाची ताकद वाढवली ते माहीत नाही, बेणं विकणाऱ्यांची मात्र नक्की वाढवली. औषध म्हणून बघायचं तर तिच्यावरचे बहुतेक अभ्यास उंदरांवरचे आहेत.

जिनसेंग. कोरियाचं प्रसिद्ध मूळ. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि फायदा जवळपास नगण्य असल्याचं म्हटलं.

एल-आर्जिनिन. हे जडीबुटी नाही, प्रथिनांतला घटक आहे. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साईड बनवतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. दहा चाचण्या आणि ५४० पुरुष एकत्र घेऊन केलेल्या २०१९ च्या अभ्यासात सौम्य ते मध्यम त्रास असणाऱ्यांना थोडा फायदा दिसला. पुरवणी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींत त्यातल्या त्यात पुरावा आहे तो याचा. तोही थोडाच, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच.

राहिलं सांड्याचं तेल. सांडा म्हणजे वाळवंटात राहणारा काटेरी शेपटीचा सरडा. तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला मारणं आणि त्याचं तेल विकणं गुन्हा आहे. बाहेरून चोळलेलं तेल आतल्या रक्तवाहिनीचं काम सुधारत नाही, मग ते सरड्याचं असो की करडईचं.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे वाजीकरण सगळं खोटं? तसं नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि चरकसंहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे. पण त्यातसुद्धा माणूस तपासायचा, शरीर शुद्ध करायचं, प्रकृती बघून मग औषध, असा क्रम सांगितलाय. न बघता, न विचारता कुरिअरनं डबी पाठवणं चरकात कुठंच बसत नाही. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेदिकच घ्यायचं असेल तर तिथल्या ओपीडीत बसलेला वैद्य आणि रीलमधला वैद्य यांत फरक करा.

‘पण मला तर अर्ध्या तासात फरक पडला!’

सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच.

मूळ, साल, पावडर अर्ध्या-एक तासात काम करत नाही. अर्ध्या-एक तासात काम करते ती सिल्डेनाफिल, म्हणजे मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली व्हायग्रा. डबीवर ‘नैसर्गिक’ लिहायचं आणि आत चोरून सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिसळायचं, हा जगभरचा धंदा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नोंदींवर २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. २००७ ते २०१६ या काळात चोरून औषध मिसळलेल्या ७७६ पुरवण्या सापडल्या होत्या. त्यातल्या ३५३ कामशक्तीच्या होत्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत सिल्डेनाफिल होतं. काही ठिकाणी तर मूळ रेणूत थोडा बदल करून असं रसायन घालतात, की नेहमीच्या तपासणीत ते सापडूच नये. ते माणसावर कधीच तपासलेलं नसतं.

आता यात बिघडलं काय, गुण तर आला ना?

एक उदाहरण घ्या. पंचावन्न वर्षांचा माणूस, पूर्वी छातीत दुखलेलं, डॉक्टरनं जिभेखाली ठेवायची गोळी खिशात ठेवायला सांगितलेली. ती गोळी नायट्रेट वर्गातली. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आले की रक्तदाब धाडकन खाली येतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. मेडिकलमधून चिठ्ठीवर गोळी घेतलेल्या माणसाला निदान आपण काय घेतलं हे माहीत असतं. या माणसाला वाटतं आपण मुसळी खाल्ली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तरी तो ‘काहीच घेतलं नाही’ म्हणणार, आणि त्याच्या मते तो खरंच बोलत असणार.

सिंगापूरमध्ये २००८ साली याहून विचित्र घडलं. मधुमेह नसलेली माणसं साखर एकदम उतरून बेशुद्ध होऊन दवाखान्यात यायला लागली. पहिल्या पाच महिन्यांत १५० रुग्ण. शोध घेतला तेव्हा अनेकांनी कामशक्तीच्या बेकायदा गोळ्या किंवा जडीबुटीची औषधं घेतल्याचं कळलं. त्यांत सिल्डेनाफिल तर होतंच, वर ग्लिबेनक्लामाईड हे मधुमेहाचं औषधही भरपूर मिसळलेलं निघालं. सात जण कोमात गेले, चार मेले.

आणखी एक राग येण्यासारखी गोष्ट. डबीतलं जे चोरून काम करतं, ते उघडपणे जेनेरिक दुकानात काही रुपयांना एक गोळी मिळतं. फक्त डॉक्टरची चिठ्ठी लागते. आपण हजार-दोन हजार मोजतो ते ‘आयुर्वेदिक’ या शब्दाचे आणि डॉक्टरसमोर न बसण्याचे.

ताठरता जाते कशी

यात जादू काही नाही, नळ आणि पाण्याचा हिशेब आहे. इच्छा झाली की मज्जातंतू निरोप देतात, नायट्रिक ऑक्साईड सुटतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त भरतं. नायट्रिक ऑक्साईडच्या या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. यात रक्तवाहिनी खराब झाली, नस खराब झाली किंवा मनावर ताण आला, की गाडी अडते.

लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचायला लागली की आधी बारीक नळी तुंबते. त्यामुळं बऱ्याच पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधी दिसते. शरीरानं दिलेली ही आगाऊ सूचना असते. आणि नेमकी तीच दोन-तीन वर्षं माणूस डब्या बदलत घालवतो.

आपल्या भागाला हे जास्त लागू आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांत ११.४ टक्के. रक्तदाब तर ३५.५ टक्क्यांना. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला काही आहे हेच ठाऊक नसतं. त्यात तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तंबाखू रक्तवाहिन्या आखडवते. सकाळी पुडी आणि रात्री ताकदीची डबी, असं एकाच खिशातून चालतं.

तरुण पोरांचं वेगळं असतं. नवीन लग्न, पहिल्या रात्रीची धास्ती, एकदा जमलं नाही की दुसऱ्यांदा त्याचीच भीती. ‘धातू जातो म्हणून कमजोरी आली’ ही समजूत तर इतकी पसरलेली, की डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. वीर्य गेल्यानं कमजोरी येत नाही. एक साधी खूण सांगतो. पहाटे आपोआप ताठरता येत असेल, तर नळ-पाणी बहुतेक ठीक आहे आणि अडचण मनाची असण्याची शक्यता जास्त. पहाटेचंही बंद झालं असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासायची वेळ आली.

कधीकधी चालू असलेल्या औषधांनीही असं होतं, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी. त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

आणि खरोखरच नैसर्गिक उपाय हवा असेल तर एक आहे, फक्त तो विकता येत नाही म्हणून त्याची रील येत नाही. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका आढाव्यानुसार दर वेळी ४० मिनिटं दम लागेल असा व्यायाम, आठवड्यातून चार वेळा, सहा महिने, एवढ्यानं व्यायाम न करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या आणि हृदयाचा त्रास असलेल्या पुरुषांत ताठरता सुधारते. शेतात राबणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पण तालुक्याला दुकान टाकून दिवसभर गल्ल्यावर बसणारे आता कमी नाहीत.

भोकरमधल्या माणसानं करायचं काय

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढं गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भोकरहून पन्नासेक किलोमीटर. गावात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल तर सरळ तिकडं जा, तिथल्या गर्दीत कुणी कुणाला बघत नाही. डॉक्टरसमोर शब्द सुचत नसतील तर ‘साखर तपासायची आहे, आणि संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही’ एवढं बोललात तरी पुरे. ते दिवसातून अनेकदा हे ऐकतात.

डबी आधीच घेतलेली असेल तर फेकू नका, ती सोबत न्या. छातीत दुखायला लागलं तर दवाखान्यात पहिल्यांदा डबीचं नाव सांगा. ताठरता चार तासांवर उतरली नाही तर ती फुशारकी मारायची गोष्ट नाही, तातडीनं दवाखाना गाठा, नाहीतर कायमचं नुकसान होतं.

तक्रार करायची असेल तर रीलचा स्क्रीनशॉट आणि डबीच्या लेबलचा फोटो ठेवा. लेबलवर परवाना कुठला आहे ते बघा. आयुष औषधाचा असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन, नाहीतर ‘आयुष सुरक्षा’ पोर्टल. नुसता एफएसएसएआयचा नंबर असेल तर कायद्यानं ते औषधच नाही, खाण्याची वस्तू आहे, आणि खाण्याच्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. पैसे भरल्यावर ‘पूर्ण कोर्स घ्या, नाहीतर घरी फोन करू’ असली भाषा सुरू झाली, तर तो औषधाचा विषय उरत नाही, सायबर गुन्हा होतो. त्यासाठी १९३०.